माय स्टॅम्प: पत्री सरकारच्या ऐंशी वर्षांसाठी छापून घेतलेल्या तिकिटाचा रिव्ह्यू

एक शीट ३०० रुपये, त्यात १२ तिकिटं, एकेका तिकिटाची छापील किंमत ५ रुपये. म्हणजे टपालाच्या हिशेबानं ६० रुपयांचा माल आणि वरचे २४० रुपये आपलं चित्र त्याच्या शेजारी छापून मिळावं म्हणून. पोस्टाच्या माय स्टॅम्प योजनेचा व्यवहार एवढा सरळ आहे. ते २४० वसूल होतात का नाही हे मात्र तुम्ही त्या तिकिटांचं पुढं करणार काय ह्यावर आहे, आणि आमच्या मंडळात नेमकी ह्याच्यावरनंच भांडणं लागली, म्हणून म्हटलं लिहून टाकावं, गावोगावी शताब्दी आणि अमृतमहोत्सव करत बसलेल्या मंडळांच्या उपयोगी पडेल.

आम्ही सांगली जिल्ह्यातल्या पलूस भागातले. २०२३ ला प्रतिसरकारला, लोक ज्याला पत्री सरकार म्हणतात त्याला, ८० वर्षं झाली. सगळीकडं सातारचं प्रतिसरकार असं लिहितात त्यामुळं आमच्याकडच्या आत्ताच्या पोरांना वाटतं हे तिकडं साताऱ्यात कुठंतरी झालं, पण तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे वाळवा तासगाव खानापूर हे सगळं धरून, दक्षिण सातारा म्हणून वेगळा जिल्हा निघाला १९४९ ला आणि सांगली हे नाव त्याच्याही नंतर. कुंडल तर औंध संस्थानात. क्रांतिसिंह नाना पाटील येडेमच्छिंद्रचे, जी. डी. बापू लाड कुंडलचे, प्रतिसरकारची लढणारी फळी म्हणजे तुफान सेना, तिचे कॅप्टन भाऊ पण कुंडलचेच, नागनाथअण्णा वाळव्याचे. इंग्रज इथंच बसलेला असताना ह्या लोकांनी गावोगाव न्यायमंडळं चालवली, सावकार आणि गावगुंडांना सरळ केलं, दारू बंद केली, कमी खर्चातली गांधी लग्नं लावली. आमच्याकडं आजही चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला पत्री सरकार म्हणून बघा, पुढचा तासभर तुमचा गेला.

तर अशा वर्षी कायतरी करायचं म्हणून मंडळाची बैठक. नेहमीचं ठरलेलं असतंच, फ्लेक्स, मोटारसायकल रॅली, एक भाषण, मग जेवण. त्यात एकानं पिल्लू सोडलं, टपाल तिकीट काढूया. झालं, सगळे एकदम खूश, कारण टपाल तिकीट म्हटलं की माणसाला वाटतं सरकारनं दखल घेतली, आता दिल्लीत कुणीतरी मोठ्या माणसानं आपल्या गावाचं नाव घेतलं.

तसं नसतंय. ह्या दोन गोष्टी पार वेगळ्या आहेत आणि हे आधी डोक्यात बसलं पाहिजे. सरकारचं जे स्मारक तिकीट असतं त्याचा प्रस्ताव पाठवावा लागतो, तो कुणीही पाठवू शकतो, मग दिल्लीत टपाल खात्याची एक सल्लागार समिती असते ती बघते, मंत्र्यांची मंजुरी लागते, मग डिझाईन होतं, सरकारी प्रेसमधे छापलं जातं आणि एकदा छापलं की संपलं, पुन्हा छापत नाहीत. त्या तिकिटावर जे चित्र असतं तेच तिकीट. आपल्या भागातल्या माणसांवर अशी तिकिटं आहेत की. कर्मवीर भाऊराव पाटलांवर १९८८ ला निघालं, अण्णाभाऊ साठेंवर १ ऑगस्ट २००२ ला ४ रुपयांचं, वाटेगाव आमच्याच जिल्ह्यातलं. नायगावच्या सावित्रीबाईंवर १९९८ ला. आणि शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हाचं २५ पैशाचं, ते २ जून १९७४ ला काढलं होतं, ६ जूनला नाही, कारण त्या वर्षी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी २ जूनला आली होती. हे मला आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी दाखवलं, रिटायर झालेत, त्यांच्याकडं जुना अल्बम आहे आणि तिकिटाला हात लावला तर ओरडतात, चिमट्यानं उचलायचं म्हणतात.

स्मारक तिकिटाचा अजून एक दंडक म्हणजे जिवंत माणसावर सहसा काढत नाहीत. सहसा म्हणतोय कारण महर्षी कर्व्यांवर १९५८ ला काढलं तेव्हा अण्णा शंभर वर्षांचे होते आणि धडधाकट होते, त्यानंतरही चार वर्षं जगले. सचिनवर पण तो खेळायचा थांबला त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१३ ला. पण हे अपवाद.

आणि माय स्टॅम्प म्हणजे काय, तर २०११ च्या दिल्लीतल्या जागतिक टपाल तिकीट प्रदर्शनापासनं पोस्टानं ही सोय चालू केली. आधीच छापलेलं एक तिकीट असतं, त्याला जोडून एक कोरी जागा असते, त्या जागेत तुम्ही द्याल तो फोटो छापून देतात. तुमचा फोटो, लेकराचा, लग्नाचा, शाळेच्या इमारतीचा, देवळाचा, कायपण, फक्त आक्षेपार्ह नको आणि त्यावर हक्क तुमचा पाहिजे. ह्यात सरकारनं कुणाचा गौरव वगैरे केलेला नसतो, तुम्ही पैसे भरलेले असतात. ज्याला हे चालतंय त्यानं पुढं वाचावं.

प्रोसेस अजिबात अवघड नाही. गावच्या पोस्टात होत नाही हे, मोठ्या पोस्टात जिथं तिकीट संग्राहकांसाठी वेगळा ब्युरो किंवा काउंटर असतो तिथं. फॉर्म भरायचा, ओळखपत्राची झेरॉक्स, चित्र द्यायचं, पैसे भरायचे. काउंटरवरच्या मॅडम आमच्यावर चांगल्याच खूश झाल्या कारण एरवी लोक वाढदिवसाचे आणि लग्नाचे फोटो घेऊन येतात, इंजिनाचं चित्र घेऊन आलेले आम्हीच.

आता चित्राचं सांगतो कारण ह्या सगळ्यात चित्र हाच खरा विषय आहे आणि इथंच बहुतेक लोकांचे पैसे वाया जातात. मंडळानं पहिल्यांदा एका डीटीपीवाल्याला काम दिलं. त्या भावानं त्या एवढ्याशा चौकोनात काय काय बसवलं असेल, वर तिरंगा, खाली मंडळाचं नाव, मधे चार नेत्यांचे फोटो, डाव्या कोपऱ्यात ८० आकडा सोनेरी, उजव्या कोपऱ्यात मशाल, आणि कडेनं झालर. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर झक्कास दिसत होतं, त्याला फ्लेक्सची सवय, दहा बाय वीसच्या हिशेबानंच डोकं चालतं त्याचं. सरांनी ते तिकिटाएवढं बारीक करून साध्या कागदावर प्रिंट काढून आणलं आणि बैठकीत सगळ्यांपुढं ठेवलं. चार नेते म्हणजे चार ठिपके. मंडळाचं नाव मुंग्या चालल्यात अशी. कोणच काय बोललं नाही, अध्यक्ष सोडून, ते म्हणाले, "नाव तरी मोठं करता आलं तर बघा की."

दुसरी अडचण फोटोंची. नाना पाटलांचे जे फोटो व्हॉट्सॅपवर फिरतात ते कुणी काढले, हक्क कुणाचा, काय पत्ता नाही, आणि फॉर्मवर तर लिहून द्यायचं की हक्क आमचा आहे. असं खोटं कशाला लिहून द्या. म्हणून सरांनीच चित्र काढायचं ठरलं. शाईनं, काळ्या रेघांत. शेणोलीचा प्रसंग घेतला, ७ जून १९४३, तुफान सेनेच्या पोरांनी रुळावर दगड रचून पगाराची गाडी अडवली आणि इंग्रजाचा पैसा काढून घेतला तो. शेणोली स्टेशन कराडच्या अलीकडं, पुणे मिरज लाईनवर, आम्ही पॅसेंजरनं जाताना कितीदा बघितलेलं. चित्रात समोरनं येणारं वाफेचं इंजिन, पुढं रुळावर दगडांचा ढीग, बस. माणूस एकपण नाही. सरांचं म्हणणं माणसं काढली की परत ठिपकेच होणार. आणि सर एवढे नादिष्ट की तेव्हा ही लाईन मीटरगेज होती म्हणून रूळ जवळ जवळ काढायचे म्हणून दोनदा खोडलं. तिकिटावर ते रूळ केसाएवढे आलेत, मीटरगेज का ब्रॉडगेज देवाला माहीत. पण इंजिन मात्र झकास उठलंय, धूर आणि दगड स्पष्ट. जाड रेघ, एकच वस्तू आणि मागं मोकळी जागा एवढं पाळलं तर चित्र उठतंच. रंगीत फोटोच द्यायचा असेल तर एकट्या माणसाचा चेहरा, तोही खांद्याच्या वरचा, घट्ट कापून द्या. ग्रुप फोटो अजिबात नको, आणि अक्षरं शक्यतो नकोच, अगदीच पाहिजे असतील तर वर्ष तेवढं.

आणि आता तो ताजमहाल. वर सांगितलं तसं तिकिटाचा जो खरा भाग असतो तो आधीच छापलेला असतो, त्यात जे प्रकार उपलब्ध असतील त्यातनंच निवडायचं. राशींची चिन्हं असतात, ताजमहाल असतो, अजून असतात. राशीत कन्या मीन असलं कायतरी तुफान सेनेशेजारी लावण्यापेक्षा ताजमहाल बरा म्हणून आम्ही ताजमहाल घेतला. त्यामुळं आमच्या तिकिटावर एका बाजूला आग्र्याचा ताजमहाल आणि शेजारी शेणोलीचं इंजिन. गावातले एक तात्या शीट हातात घेऊन बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "रेल्वे लुटल्याली ठावं हाय, ताजमहाल कवा लुटला रं?" ह्याच्यावर आजपर्यंत आमच्याकडं उत्तर नाही. माझ्या मते ह्या सगळ्या योजनेतली सगळ्यात कच्ची बाजू हीच, ज्याला इतिहासाचं कायतरी करायचं आहे त्याच्यासाठी एक अगदी साधा प्रकार पाहिजे, नुसतं भारत आणि किंमत, बाजूला चित्र नकोच. लग्नाच्या फोटोला ताजमहाल शोभतो, मान्य, पण जगातले सगळेच प्रसंग काय लग्नाचे नसतात.

ह्यातनंच एक महत्त्वाची गोष्ट, भारत हे नाव आणि ५ रुपये ही किंमत ताजमहालाच्या तुकड्यावर असते, आपल्या चित्रावर नाही. म्हणजे कुणी हौसेनं नुसतं आपलं चित्र फाडून पाकिटाला चिकटवलं तर ते पत्र नॉटपेड, समोरच्याला पैसे भरायला लागतील. दोन्ही तुकडे जोडीनंच लावायचे. आमच्या पोरांपैकी एकजण ताजमहाल कापून टाकूया म्हणत होता, म्हणजे विचार करा.

आता ३०० रुपयांचं सार्थक कशात झालं ते. अध्यक्षांची कल्पना होती की शीटा फ्रेम करून पाहुण्यांना द्यायच्या, शाल श्रीफळाबरोबर. दोन तीन दिल्या पण. आमदार खासदारांच्या घरी अशा फ्रेमा किती पडलेल्या असतील, एखाद्या कपाटामागं जाणार ती. सरांनी हट्ट धरला की तिकीट हे पत्राला लावायसाठी असतंय, पत्रं लिहा. मग आसपासच्या गावांत ज्यांच्या घरातलं कुणी चळवळीत होतं त्यांचे पत्ते गोळा करायला लागलो, आणि खरं सांगतो, पूर्ण कार्यक्रमातलं सगळ्यात चांगलं काम हेच झालं. कारण पत्ता विचारायला गेलं की लोक बसवून घेतात, चहा टाकतात, मग आमचा थोरला चुलता गोळी चुकवून उसात कसा लपला आणि आमच्या आज्जीनं भाकरी कशा पोचवल्या ते सुरू. कितीतरी घरं पुण्यामुंबईला गेलेली, त्यांचे पत्ते भावकीतनं काढले. एक पान हातानं लिहिलेलं, पाकीट, वर ५ रुपयाचं तिकीट, २० ग्रॅमच्या आत बसतंय. हाताने लिहायला पोरं कुरकुरली, अक्षर चांगलं नाही म्हणून, शेवटी शाळेतल्या मुलींनी लिहिली आणि लय सुंदर लिहिली.

पाकिटं पेटीत न टाकता काउंटरवर नेऊन द्या आणि शिक्का जरा नीट स्वच्छ मारा म्हणून विनंती करा, एवढं एक सांगतो. तारखेचा शिक्का चांगला उठला की त्या पाकिटाला किंमत येते, पैशाची नाही, संग्रहाची.

एका आजींना पत्र नेऊन द्यायला मी स्वतः गेलो होतो कारण त्या जवळच राहतात, मालक तुफान सेनेत होते, कधीच वारले. नातवानं पत्र वाचून दाखवलं, त्यांनी पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, तिकिटावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इंजान हाय, ह्यांचा फोटू न्हाय व्हय?" मी म्हटलं आजी सगळ्यांचे कसे बसणार. तर म्हणाल्या, "सगळ्यांचं कुठं म्हनती मी. ह्यांचा."

पॉइंट बरोबर होता. नातवानं पुढच्या महिन्यात जाऊन आजोबांच्या फोटोची एक शीट काढली, फेटा बांधलेला एकट्याचा फोटो, जुना पण चांगला, घरचाच, त्यामुळं हक्काची पण भानगड नाही. आमच्या इंजिनापेक्षा ती शीट सरस आली आहे, हे मी मंडळाचा माणूस असून सांगतो. ३०० रुपयात एका कुटुंबासाठी ह्यापेक्षा चांगलं काय मिळतंय सांगा. मोठ्या इतिहासासाठी माय स्टॅम्प जरा तोकडं पडतं, घरच्या इतिहासासाठी एक नंबर.

राहिला फ्लेक्सचा राडा. कार्यक्रमाच्या आधी अध्यक्षांनी फ्लेक्सचा मजकूर पाठवला, "भारत सरकारतर्फे प्रतिसरकारवर विशेष टपाल तिकीट प्रकाशित". सरांचं डोकं फिरलं. म्हणाले हे असं लिहायचं नाही, सरकारनं काढलेलं नाही, आपण पैसे भरून छापून घेतलंय. अध्यक्ष म्हणाले त्यावर भारत लिहिलंय का नाही, पोस्टात चालतंय का नाही, मग झालं तर. तेव्हा सरांनी कानपूरचं प्रकरण काढलं. २०२० च्या डिसेंबरला तिकडं दोन कुख्यात गुन्हेगारांचे फोटो देऊन कुणीतरी माय स्टॅम्प छापून घेतली होती, बातम्या आल्या, पोस्ट खात्याची चौकशी झाली. सर म्हणाले, मग काय भारत सरकारनं त्यांचा पण गौरव केला म्हणायचा का, आणि ज्या माणसांनी इंग्रज सरकारला फाट्यावर मारलं त्यांच्या नावानं आपण खोटा सरकारी शिक्का कशाला मिरवतोय. बैठकीत शांतता. शेवटी फ्लेक्सवर "प्रतिसरकारची ८० वर्षे, माय स्टॅम्पचे अनावरण" असं आलं, माय स्टॅम्प हे शब्द शोधायला लागतील एवढे बारीक, पण आले. अध्यक्षांचा फोटो अर्थातच मोठा.

पेपरात स्थानिक बातमी वाचताना पण हे लक्षात ठेवा. अमक्या नेत्यावर टपाल तिकीट, तमक्या महाराजांवर टपाल तिकीट असं छापून येतं तेव्हा फोटो मोठा करून बघायचा. शेजारी ताजमहाल किंवा रास दिसली की समजायचं, ३०० रुपये.

बाकी बारीकसारीक. कागद आणि छपाई ठीक, काळ्या रेघा चांगल्या येतात, जुना फिका फोटो असेल तर जरा उजळ करून द्या, छापल्यावर गडद होतो. शीटा पावसाळ्यात ट्रंकेत टाकू नका, आमच्याकडं नदीकाठाला ओल काय असते माहीत आहे, कागद डागाळतो, प्लॅस्टिकच्या पाकिटात उभ्या ठेवा. आणि हे पुढं लाखात विकलं जाईल असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका, कुणीही कधीही छापून घेऊ शकतो त्या वस्तूला बाजारात कोण भाव देणार. मी पाचपैकी साडेतीन देईन, अर्धा ताजमहालामुळं कापला, एक किमतीमुळं.

पुढच्या कार्यक्रमाला मात्र मी दुसरं सुचवणार आहे. विशेष आवरण म्हणून प्रकार असतो, म्हणजे त्या प्रसंगाचं छापलेलं पाकीट आणि त्यावर त्या दिवसापुरता खास चित्राचा शिक्का, ह्याची मंजुरी दिल्लीतनं आणायला लागत नाही, राज्याच्या टपाल परिमंडळातनं मिळते, आणि हे टपाल खातं अधिकृतपणे प्रसिद्ध करतं. पाकीट मोठं असल्यामुळं चित्राला जागा भरपूर, सरांना मीटरगेज दाखवता येईल, आणि फ्लेक्सवर जे लिहायचं होतं ते जवळपास खरंच लिहिता येईल. प्रस्ताव आधीपासनं द्यायला लागतो, तेवढं धरून चला.